ट्रेलॉर हटाव मोहिमेच्या दोन चादरी

क्लाइव्ह ऑल्डरॉइडने उभ्या आयुष्यात कुणाला 'चालते व्हा' म्हटलं नव्हतं. हॅक्सबर्न नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या टेबलामागे त्याने चौतीस वर्षं काढली. लोकांना हात हलवत परत पाठवणं हेच तिथलं मुख्य काम. पण तेसुद्धा तो "एवढं एक प्रमाणपत्र जोडा आणि पुन्हा या," असं इतक्या मऊ आवाजात सांगायचा, की माणूस जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत आपला अर्ज नाकारला गेलाय हे त्याच्या लक्षात यायचं नाही. असा हा माणूस. त्याने एप्रिलमधल्या एका शनिवारी भर पबमध्ये उभं राहून एका फुटबॉल मॅनेजरला हाकलण्याची प्रतिज्ञा केली, तेव्हा ती ऐकून सगळ्यात जास्त दचकला तो स्वतः क्लाइव्ह.

झालं होतं असं, की त्या दुपारी हॅक्सबर्न टाऊन, म्हणजे गावचा फुटबॉल क्लब, तीन-शून्यने हरलं आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. आता क्लब खाली जातात, वर येतात, ते चालायचंच. पण क्लाइव्हची अडचण वेगळी होती. हिवाळाभर सगळं गाव मॅनेजर कॉलिन ट्रेलॉरच्या नावाने बोटं मोडत असताना हा एकटा त्याची बाजू लावून धरत होता. नोव्हेंबरात सलग सहा सामने हरल्यावर याने गावच्या पेपरात पत्र लिहिलं होतं: "घाई नको. श्री. ट्रेलॉर यांच्या मनात निश्चित योजना आहे." हे कात्रण शेजारच्या गॉर्डन ब्रॉडबेंटने पाकिटात जपून ठेवलं होतं. दर पराभवानंतर तो ते बाहेर काढायचा, चष्मा लावायचा आणि 'वीव्हर्स' पबमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचा.

त्या शनिवारीही त्याने वाचलं. 'निश्चित योजना' या शब्दांपाशी तो जरा थांबला आणि क्लाइव्हकडे बघत म्हणाला, "खाली जायचीच योजना होती होय रे ही? मग झकास पार पडली म्हणायची!"

पब हसला. क्लाइव्हच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठून उभा राहिला. उठला होता खरं तर घरी जायला. पण सगळे गप्प होऊन त्याच्याकडे बघायला लागले, तेव्हा काहीतरी बोलणं भाग पडलं.

"पुढच्या शनिवारी आपल्या मैदानावर शेवटचा सामना आहे," तो म्हणाला. "मी बॅनर आणतो."

"कसला?"

"ट्रेलॉर हटावचा."

आणि पबमध्ये जो काही गलका उठला! कुणी पाठ थोपटली, कुणी त्याच्यापुढे बिअरचा ग्लास सरकवला. चौतीस वर्षांच्या नोकरीत क्लाइव्हची पाठ एकदाच थोपटली गेली होती, तीही घास अडकला म्हणून. कौतुकाची सवय नसली की ते फार भराभर डोक्यात जातं. क्लाइव्ह घरी आला तो सेनापतीच्या चालीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला, "मॉरीन, एखादी जुनी चादर असेल का गं? मोठी?"

"कशाला?"

"मॅनेजरला घालवायचंय."

मॉरीनने ब्रेडला लोणी लावणं थांबवलं नाही. "एका चादरीत मावेल का तो?"

नाहीच मावला. ट्रेलॉरच्या नावालाच एक चादर लागली. ती सुती होती, कडेला फिक्या फुलांची. उरलेल्या मजकुरासाठी पाहुण्यांच्या खोलीतली दुसरी काढावी लागली. ती पॉलिस्टरची, आणि खास मॉरीनची बहीण डोरीन हिच्यासाठी राखलेली.

"डोरीन आली तर गं?" क्लाइव्हने विचारलं.

"काय लिहिणार आहेस तिच्यावर?"

"'चालते व्हा.'"

"मग तीच अंथरीन तिला," मॉरीन म्हणाली. "मलाही बोलावं लागणार नाही."

मजकूर मात्र इतक्या सहजासहजी ठरला नव्हता. क्लाइव्ह चादरी घेऊन मागच्या अंगणात आला, तर कुंपणावरून गॉर्डन हजर. गॉर्डनने सुचवलेल्या मजकुरात ट्रेलॉर कमी आणि ट्रेलॉरची आई जास्त होती. दुसऱ्या कुंपणावरून मिस लम्ब डोकावल्या. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. अर्ध्या गावाला त्यांनीच लिहायला शिकवलेलं, क्लाइव्हलाही, आणि तो साठी उलटून गेला हे त्यांनी अजून मान्य केलेलं नव्हतं.

"क्लाइव्ह, 'कृपया' कुठे आहे?"

"मिस, जागा नाही उरत."

"सभ्यपणाला जागा नाही म्हणतोस? बरं. पण संबोधनानंतर स्वल्पविराम हवा. त्याला किती लागते जागा?"

"अहो मिस, फुटबॉलचा बॅनर आहे हा," गॉर्डन कळवळून म्हणाला. "परीक्षेचा पेपर नाही!"

"तुझे पेपर मी तपासलेत, गॉर्डन. तू नको बोलूस."

तेव्हा स्वल्पविराम आला. तोही चांगला बटाट्याएवढा, कारण कुंपणाच्या हिरव्या रंगाचा तो चार इंची ब्रश होता आणि त्याच्याहून बारीक काही त्याला काढताच येत नव्हतं. पहिल्या चादरीवर 'ट्रेलॉर,' आणि दुसरीवर 'चालते व्हा!' असा मजकूर झाला. दोन्ही चादरी एकमेकींना मोठ्या पिनांनी जोडायच्या, असं ठरलं. रंग आरपार गेला आणि गॅरेजच्या फरशीवरही ट्रेलॉर उमटला, हा भाग वेगळा. त्याबद्दल मॉरीन जे बोलली ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

आता दुसरा कुणी असता तर चादर काखेत मारून थेट मैदानात गेला असता. पण क्लाइव्हच्या हाडामासात नगरपालिका भिनलेली. सोमवारी सकाळी त्याने क्लबला फोन लावून विचारलं, "बॅनर आणायचा तर काही परवानगी लागते का?" इतकी वर्षं सगळ्यांनी आपल्याला हा प्रश्न विचारावा अशी इच्छा धरणारा माणूस तो, त्याने स्वतः तो विचारला नसता तरच नवल. क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे या, असं उत्तर मिळालं.

सुरक्षा अधिकारी निघाल्या ब्रेंडा हेग.

ब्रेंडा हेगना घरापुढे काचेची पडवी काढायची होती, त्याला अकरा वर्षं झाली. त्यांचा अर्ज क्लाइव्हने तीन वेळा परत पाठवला होता. एकदा नकाशा एकाच प्रतीत होता म्हणून, एकदा सही निळ्या शाईत होती म्हणून आणि तिसऱ्यांदा का, ते आता त्यालाही आठवत नव्हतं. ब्रेंडाबाईंना आठवत होतं.

"बसा, मिस्टर ऑल्डरॉइड," त्या म्हणाल्या. कधीपासून त्या या दिवसाची वाट बघत असाव्यात अशा समाधानाने त्यांनी सात पानी अर्ज त्याच्यापुढे ठेवला. "काळ्या शाईत."

क्लाइव्हने अर्ज भरला. नाव, पत्ता, लांबी, रुंदी, कापडाचा प्रकार. पाचव्या पानावर 'मजकुराचे स्वरूप' असा रकाना होता, तिथे तो अडला. खोटं लिहिणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि खरं लिहिलं असतं तर अर्ज तिथेच मेला असता. शेवटी चौतीस वर्षांचा अनुभव धावून आला. त्याने लिहिलं: 'मॅनेजर महोदयांविषयी समर्थकांच्या भावना.'

ब्रेंडाबाईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आगीची चाचणी होईल," एवढंच म्हणाल्या. "गुरुवारी, दहा वाजता, पार्किंगमध्ये."

आग लागू नये म्हणून कापडावर फवारायचं एक द्रावण मिळतं. क्लाइव्हने ते आणून दोन्ही चादरींवर मनसोक्त फवारलं. 'ट्रेलॉर'मधल्या अक्षरांना त्यामुळे जरा ओघळ आले आणि नाव रडवेलं दिसायला लागलं, पण वाचता येत होतं. गुरुवारी दहा वाजता ब्रेंडाबाईंनी काडी पेटवून सुती चादरीच्या कोपऱ्याला लावली. काडी विझली. चादर ढिम्म. मग त्यांनी डोरीनची चादर घेतली. काडी लावायचा अवकाश, कोपरा आखडला, काळा पडला आणि करपलेल्या कंगव्यासारखा वास सुटला.

"द्रावण सुती कापडासाठी असतं. डब्यावर लिहिलंय," ब्रेंडाबाई म्हणाल्या. "पहिल्या चादरीला प्रमाणपत्र देते. दुसरी आत येणार नाही."

"अहो, पण दोन्ही मिळून एक वाक्य आहे!"

"मिस्टर ऑल्डरॉइड, प्रमाणपत्र कापडाला मिळतं. वाक्याला नाही."

क्लाइव्हला राग यायला हवा होता. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याला आधी आदरच वाटला. टेबलाच्या पलीकडे तो असता तर त्यालाही याहून चांगलं वाक्य सुचलं नसतं.

मोहीम तिथेच आटपायची. पण संध्याकाळी गॉर्डनने तोड काढली. "दुसरी चादर पोटाला गुंडाळ. वरून कोट घाल. आत गेलो की पिना लावू."

"हे नियमबाह्य आहे, गॉर्डन."

"आणि आपण खाली गेलो ते नियमात बसून गेलो, नाही का?"

शनिवारी दुपारी क्लाइव्ह ऑल्डरॉइड, निवृत्त परवाना लिपिक, पोटाभोवती अख्खं 'चालते व्हा!' गुंडाळून मैदानाकडे निघाला. मे महिन्याचं कडक ऊन. अंगात हिवाळी कोट. पॉलिस्टर. दर दहा पावलांवर कुणीतरी विचारायचं, "क्लाइव्ह, बरं आहे ना तुला?" आणि तो गंभीरपणे मान हलवायचा.

प्रवेशद्वारावर झडती चालू होती, आणि झडतीवर देखरेख ठेवायला ब्रेंडाबाई जातीने उभ्या होत्या.

"मिस्टर ऑल्डरॉइड," त्या म्हणाल्या, "गुरुवारपासून बरंच अंग भरलंय तुमचं."

"पाय... म्हणजे पोर्क पाय, ते मांसाचे पॅटिस, खाल्ले जरा."

"किती?"

मग कोट उतरवला गेला. चादर घट्ट बसली होती, घामाने अंगाला चिकटली होती. ती ओढून निघेना. शेवटी एका रक्षकाने टोक धरलं आणि क्लाइव्हला जागच्या जागी भोवऱ्यासारखं फिरावं लागलं. मागे रांगेत तीनशे माणसं. पहिल्या फेरीला ती हसली, दुसऱ्या फेरीपासून मोठ्याने मोजायला लागली. पाच फेऱ्या झाल्या. सहाव्यात तो मोकळा झाला आणि भिंत धरून उभा राहिला, कारण हॅक्सबर्न अजून गरगरत होतं. ब्रेंडाबाईंनी चादरीची घडी घातली आणि त्याच्या हातात पावती दिली. "सामना संपल्यावर घेऊन जा. पावतीशिवाय मिळणार नाही."

आत गेल्यावर गॉर्डन म्हणाला, "एक तर एक. वर करायची. नुसतं नाव पुरे. कशाबद्दल आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल."

ठरल्याप्रमाणे सत्तराव्या मिनिटाला बॅनर वर गेला. टाऊन तेव्हा दोन गोल मागे होतं. चारी बाजूंनी अकरा हजार माणसं 'ट्रेलॉर हटाव'च्या आरोळ्या ठोकत होती, कुणी रिकामे कप भिरकावत होतं, आणि त्या सगळ्या गदारोळात पूर्वेच्या स्टँडमध्ये एकच बॅनर डौलाने झळकत होता. त्याच्यावर फक्त मॅनेजरचं नाव होतं. हिरव्या रंगात, कडेला फुलं.

खाली मैदानाच्या रेषेजवळ ट्रेलॉरने मान वर केली. त्याने बॅनर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्याने हळूच हात उचलला आणि छातीवर ठेवला.

"हा काय करतोय?" क्लाइव्हने विचारलं.

"अरे देवा," गॉर्डन म्हणाला.

सामना संपला आणि ट्रेलॉर खेळाडू आत जातात त्या बोगद्याकडे जाण्याऐवजी सरळ पूर्वेच्या स्टँडकडे चालत यायला लागला. गॉर्डनला नेमकी त्याच वेळी लघवीला लागली. त्याने आपलं टोक सोडलं आणि तो गेला. चादरीचं ते टोक क्लाइव्हच्या डोक्यावरून खांद्यावर आलं. तो ते सावरतोय तोवर ट्रेलॉर जाहिरातीची फळी ओलांडून समोर उभा. त्याने क्लाइव्हचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. माणसाचे डोळे भरून आले होते.

"एक तरी," तो म्हणाला. "एक तरी निघाला."

क्लाइव्हच्या मनात या क्षणासाठी आठवडाभर घोटलेली वाक्यं होती. तो म्हणाला, "आभारी आहे."

आणि समोर फोटो काढणारा उभा होता.

सोमवारच्या पेपरात पहिल्या पानावर क्लाइव्ह. अंगावर फुलाफुलांची चादर शालीसारखी, हात मॅनेजरच्या हातात, चेहऱ्यावर भाव असे की आत्ताच कुणीतरी त्याचा सत्कार केलाय. खाली मथळा: 'एकनिष्ठ.' मंगळवारी क्लबच्या अध्यक्षांनी निवेदन काढलं. 'खऱ्या, जुन्या समर्थकांच्या भावना आम्ही शनिवारी पाहिल्या. श्री. ट्रेलॉर पुढील हंगामातही मॅनेजर राहतील.' सोबत तोच फोटो.

पुढचे दोन दिवस क्लाइव्हने कसे काढले ते त्यालाच माहीत. तळलेले मासे आणि बटाटे मिळणाऱ्या दुकानात जिथे त्याला बावीस वर्षं तळाचे कुरकुरीत तुकडे न मागता वरून मिळायचे, तिथे दुकानदाराने कागद गुंडाळत फक्त "पुढचा!" म्हटलं. 'वीव्हर्स'मध्ये तो शिरल्याबरोबर बोलणं थांबलं.

"अरे, बॅनर अर्धा होता!" तो जीव तोडून सांगत होता. "पुढचं दुसऱ्या चादरीवर होतं. ती आत येऊ दिली नाही!"

"पुढे काय होतं? 'झिंदाबाद'?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"गॉर्डनला विचारा! गॉर्डन होता ना माझ्याबरोबर!"

सगळ्यांनी गॉर्डनकडे पाहिलं. गॉर्डनने बिअरच्या फेसात डोळे घातले. "मी आपला शौचालयात होतो," तो म्हणाला. फोटोत तो नव्हताच. पुरावा बिनतोड होता.

गुरुवारी दुपारी चार वाजता दाराची घंटा वाजली. क्लाइव्हने दार उघडलं, तर बाहेर कॉलिन ट्रेलॉर. हातात पेट्रोलपंपावर मिळतात तसली फुलं, प्लॅस्टिकमध्ये. स्टँडमधून हा माणूस नेहमी धिप्पाड वाटायचा. दारात उभा होता तो क्लाइव्हपेक्षाही दोन बोटं बुटका, आणि दाढी नीट न केलेला.

"ब्रेंडाबाईंनी पत्ता दिला," तो म्हणाला. "तुमच्या अर्जावरचा. म्हणाल्या, अवश्य जा."

मॉरीनने फुलं घेतली, त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि चहा ठेवला. ट्रेलॉरने कोटाच्या आतल्या खिशातून एक लांब पांढरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"राजीनामा," तो म्हणाला. "शनिवारी खिशातच होता. शिट्टी वाजली की अध्यक्षांच्या हातात द्यायचा, असं ठरवलं होतं. बायकोने सामानसुद्धा बांधायला काढलं होतं. आणि तेवढ्यात वर बघितलं, तर तुमची चादर."

क्लाइव्ह पाकिटाकडे बघत राहिला. म्हणजे हा माणूस जाणारच होता! आपण होऊन, चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी किंवा जे काय वाजले असतील तेव्हा! अख्ख्या गावाला जे हवं होतं ते काही न करता मिळणार होतं, आणि ते अडवलं होतं फक्त क्लाइव्ह ऑल्डरॉइडने, रीतसर परवानगी घेऊन.

"एकच विचारायचं होतं," ट्रेलॉर म्हणाला. "फोटो मी घरी लावलाय. रोज बघतो. नावापुढे तो स्वल्पविराम कशाला?"

"तो... आमच्या मिस लम्ब आहेत शेजारी. त्या म्हणाल्या की संबोधन असलं की..."

तो बोलायचा थांबला. ट्रेलॉर त्याच्याकडे बघत नव्हता. तो खिडकीतून मागच्या अंगणात बघत होता. मॉरीनने पावती दाखवून बुधवारी डोरीनची चादर सोडवून आणली होती, दोनदा धुतली होती आणि आज दोरीवर टाकली होती. रंग काही गेला नव्हता. कुंपणासाठी त्याची दहा वर्षांची हमी देतात. वाऱ्याने चादर मस्त फुगली होती.

"चालते," ट्रेलॉरने सावकाश वाचलं. "व्हा."

चहाचं भांडं उकळायला लागलं.

क्लाइव्हला अजूनही निसटता आलं असतं. ती डोरीनसाठी आहे, असं मॉरीन सांगायला तयारच होती. तिने तोंडही उघडलं होतं. पण समोरच्या माणसाने फोटो घरी लावला होता. क्लाइव्हने खुर्चीत ताठ बसून घेतलं.

"दोन्ही तुमच्यासाठीच होत्या," तो म्हणाला. "एकीला प्रमाणपत्र मिळालं नाही. मी हिवाळाभर तुमच्या बाजूने भांडलो, मिस्टर ट्रेलॉर. पेपरात लिहिलं. लोकांनी माझी टर उडवली. मग आपण खाली गेलो आणि मला वाटलं, या माणसाने मला मूर्ख ठरवलं. म्हणून केला बॅनर. मला माफ करा. म्हणजे मजकुराबद्दल नाही. तो मला अजूनही पटतो. पण तुम्ही हात छातीवर ठेवलात तेव्हा मी बोलायला हवं होतं."

ट्रेलॉरने चेहऱ्यावरून हात फिरवला.

"शब्द तरी सभ्य वापरलेत," तो म्हणाला. "बाकीचे माझ्या आईवर येतात."

"तेही सुचवलं होतं एकाने," मॉरीन म्हणाली आणि कप पुढे सरकवला.

"आता खरं बोलताच आहात, तर कारणं सांगा," ट्रेलॉर म्हणाला. "शिव्या सगळे देतात. कारण कुणी सांगत नाही."

कारणं! क्लाइव्ह उठला आणि दिवाणखान्यातून वही घेऊन आला. प्रत्येक सामन्याची टिपणं होती त्यात, समास सोडून, काळ्या शाईत. त्याने घसा साफ केला.

"एक. सेंटर फॉरवर्ड पळत नाही."

"माहीत आहे. गुडघा गेलाय त्याचा. दुसरा माणूस नाही."

"दोन. डावा बचावपटू पुढे जातो तो जातोच. परत येत नाही."

"माहीत आहे. रोज सांगतो त्याला. तो रोज हो म्हणतो."

"तीन. कॉर्नरला सगळे एकाच खांबाशी गर्दी करतात."

"माहीत आहे."

"चार. गोलकीपर उंच बॉलला बाहेर येत नाही."

ट्रेलॉर जरा थांबला. "तो जानेवारीपासून मोडक्या बोटाने खेळतोय. कुणाला सांगू नका म्हणून गळ घातलीय त्याने मला. तुम्हीही बोलू नका."

पाच. माहीत आहे. सहा. माहीत आहे. सातव्या मुद्द्याला क्लाइव्हचा आवाज उतरायला लागला. त्याला वाटत आलं होतं, सगळ्या स्टँडलाच वाटायचं, की खाली उभा असलेला तो माणूस आंधळा आहे. आपल्याला वरून स्वच्छ दिसतं ते त्याला दिसत नाही. तेव्हा तो गेला आणि डोळे असलेला दुसरा आला की झालं. आणि इथे हा माणूस त्याच्याच स्वयंपाकघरात बसून एकेका मुद्द्याला मान हलवत होता. त्याला सगळं दिसत होतं. अगदी सगळं. आणि तरीही ते खाली गेले होते.

त्याने वही मिटली. अजून चार मुद्दे होते.

"मग?" ट्रेलॉरने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "उपाय काय?"

एक्केचाळीस वर्षं क्लाइव्ह ऑल्डरॉइड स्टँडमध्ये बसून उपाय सांगत होता. आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. त्याने मोहरीच्या बाटलीकडे पाहिलं, मग छताकडे, मग मॉरीनकडे.

"अजून चहा घेता का?" तो म्हणाला.

ट्रेलॉर हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं. "आठ महिने झाले," तो म्हणाला, "पत्रकारांना हेच उत्तर द्यावंसं वाटतंय मला."

दुसरा कप झाला. तिसऱ्याबरोबर मॉरीनने आल्याचा केक कापला. बोलता बोलता ट्रेलॉरने हाताला आला तो कागद ओढला आणि पेन्सिलीने डाव्या बचावपटूची जागा काढून दाखवली. "इथे असतो तो. आणि मला हवाय इथे."

"मग इथे हवाच कशाला?" क्लाइव्ह म्हणाला. "याला आत घ्या. पुढे जायची खोड आहे तर जाऊ दे ना बापड्याला. मागे दुसरा ठेवा." त्याने पेन्सिल ट्रेलॉरच्या हातातून काढून घेतली आणि एक बाण काढला.

"दुसरा कोण?"

"तो उंच. लंगडत चालतो तो."

"तो लंगडत नाही, त्याची चालच तशी आहे." ट्रेलॉर कागदावर वाकला. "पण थांबा. थांबा हं. मग उजवीकडची जागा मोकळी पडते."

"पडू दे. तिकडे कोण येतंय खालच्या डिव्हिजनमध्ये?"

चारी बाजूंनी बाण झाले, फुल्या झाल्या, एका फुलीवर केकचा तुकडा सांडला, एका बाणावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं. साडेसहा वाजले. मॉरीन टेबल आवरायला आली आणि थबकली.

"अहो, हे तर तुमचं राजीनाम्याचं पाकीट!"

दोघांनी खाली पाहिलं. पाकिटाचा एक इंचही पांढरा उरला नव्हता.

"हे काही आता अध्यक्षांना देता येणार नाही," ट्रेलॉर म्हणाला. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पुन्हा दारात आला होता तेव्हासारखा झाला. "गाव म्हणतंय ते काही खोटं नाही. तुमच्याकडे कोरं पाकीट असेल का हो एखादं?"

"आहेत की," मॉरीन म्हणाली आणि तिने टेबलाचा खण ओढला. पाकिटांचा गठ्ठा वरच होता.

क्लाइव्हने हात लांब केला आणि खण परत आत ढकलला.

"बसा हो," तो पेन्सिल जिभेला लावत म्हणाला. "आधी उजव्या बाजूचं काय करायचं ते सांगा."